ती वही मिटाल का?

पुण्याला जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून, ज्याला आम्ही आस्थापनेवाले नुसतं 'मावक' म्हणतो, बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं आहे त्याची क्रमवार नोंद (एकेक पद म्हणजे एकेक बिंदू), तपासून घ्यायची होती. माझ्या टेबलावर तिच्याच सहा रोस्टर नोंदवह्या पसरलेल्या. जाड पुठ्ठ्याच्या, कडांना कापडी पट्टी लावलेल्या, उघडल्या की जुन्या कागदाचा आणि खळीचा वास येणाऱ्या. जुलै महिना होता, खिडकीतून पावसाची झड आत येत होती म्हणून वह्यांच्या एका बाजूला मी माझी छत्रीच आडवी ठेवली होती. तेवढ्यात एक मुलगी रुजू व्हायला आली. लिपिक-टंकलेखक. आई बरोबर आली होती, ती बाहेरच्या बाकावर मांडीवर पेढ्यांचा पुडा धरून बसली होती. मुलीने रुजू अहवाल दिला, मूळ कागदपत्रं दिली, आणि उद्या वह्या न्यायच्याच आहेत तर हेही नाव चढवून टाकू म्हणून मी लिपिक संवर्गाची वही पुढे ओढली. बिंदू क्रमांक, बिंदूचा प्रवर्ग, नाव, जात, नेमणुकीची तारीख, वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक, शेरा. एकेक रकाना भरत गेले.

शेजारच्या शाखेतले एक जण शिक्का मागायला आले होते. ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि तो चौथा रकाना त्यांनी मोठ्याने वाचला. जात वाचली, मग डावीकडे सरकून बिंदूचा प्रवर्ग पाहिला, आणि म्हणाले, "मॅडम, ही खुल्या बिंदूवर कशी? म्हणजे आमच्या लोकांची अजून एक जागा गेली म्हणायची." हसत म्हणाले. आवाजात राग नव्हता. शिक्का घेऊन ते निघूनही गेले. शाखेत आम्ही सात माणसं होतो, सातही जणांनी ऐकलं.

मुलगी सही करत होती, ती थांबली. वर न बघता हळूच म्हणाली, "मॅडम, ती वही मिटाल का?"

मी मिटली. शाई ओली होती. दुसऱ्या दिवशी पुण्याला वही उघडली तेव्हा तिचं नाव समोरच्या कोऱ्या पानावर उलटं उमटलेलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून अनेकदा मनात येतं, की मी वही मिटली, पण तोंड उघडलं नाही. उत्तर माझ्याजवळ होतं. आरक्षणाचे नियम माझ्याइतके त्या मजल्यावर कुणाला पाठ नव्हते. खुला प्रवर्ग हा कुठल्याही जातीसाठी राखून ठेवलेला नसतो, गुणवत्तेने जो वर येईल त्याचा तो असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1992च्या इंद्रा साहनी निकालात सांगितलेलं आहे आणि पुढेही पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. ती मुलगी यादीत वर होती, कुठलीही सवलत न घेता वर होती, म्हणून ती खुल्या बिंदूवर आली. दोन वाक्यांचं काम होतं. ती वाक्यं मी दरवर्षी प्रशिक्षणात नव्या कारकुनांना सांगायचे. त्या दिवशी मात्र मी टाचणी शोधत बसले.

मी 1995 साली नोकरीला लागले. 1994च्या महिला धोरणानंतर नोकऱ्यांत बायकांना 30 टक्के जागा ठेवायला सुरुवात झाली होती, त्यातली माझी जागा. खुला प्रवर्ग, महिला. म्हणजे मीही कुठल्या तरी वहीत कुणीतरी चढवलेलं एक नावच आहे. सुरुवातीला 'महिला कोट्यातल्या बाई' हे मी ऐकलं, नाही असं नाही. टपाल, टायपिंग आणि साहेबांकडच्या पाहुण्यांचा चहा ही कामं आपोआप माझ्याकडे आली. बायकांसाठीचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे, गोदामाच्या पलीकडे होतं आणि त्याची किल्ली नाझरांच्या खणात असायची. दर वेळी मागावी लागे. तरी एक गोष्ट मला कधीच सोसावी लागली नाही. माझं आडनाव ऐकल्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मी पोरीसारखी दिसते, टिकणार नाही, बाळंतपणाच्या रजेवर जाईल, हे सगळं म्हटलं गेलं. माझी हुशारी उसनी आहे असं मात्र कुणी म्हटलं नाही. दोन्ही दुखणी एकच आहेत असं मी बरीच वर्षं मानत होते.

रोस्टरचं काम मला एका अव्वल कारकुनांनी शिकवलं. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. 1997मध्ये सगळ्या वह्या नव्याने आखायच्या होत्या. 1995च्या आर. के. सभरवाल निकालाने जुनी पद्धत बदलून टाकली होती. आधी रिक्त जागा येईल तशी बिंदूंची साखळी पुढे सरकायची. निकालानंतर हिशेब रिकाम्या जागांचा राहिला नाही, पदांचा झाला. म्हणजे एकदा एका पदाचा बिंदू ठरला, की त्यावरचा माणूस निवृत्त झाला तरी ती जागा त्याच प्रवर्गाची राहते. भाऊसाहेबांनी हे मला शेताच्या बांधाचं उदाहरण देऊन समजावलं होतं. नांगर धरणारा बदलतो, बांध सरकत नाही. आणि बांध सरकवणारा रात्रीच येतो, असंही ते म्हणायचे. आम्ही दोघांनी तीन महिने बसून जुन्या सेवापुस्तकांतून प्रत्येक माणूस शोधून त्याच्या त्याच्या बिंदूवर बसवला. संध्याकाळी बोटांना निळी शाई आणि लाल शाई दोन्ही लागलेली असायची. निळी नावांना, लाल रिकाम्या जागांना.

लाल ओळी किती होत्या ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. वर्षानुवर्षं रिकामे राहिलेले बिंदू, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकाच वळणाचं अक्षर: 'उमेदवार उपलब्ध नाही.' मला ते खरं वाटलं होतं. भाऊसाहेबांनी जुन्या जावक नोंदवह्या काढायला लावल्या. त्यात या पदांसाठी उमेदवार मागणारं मागणीपत्र कधी गेलं होतं का, ते शोधायचं. काही वर्षं गेलं होतं. सलग काही वर्षं गेलेलंच नव्हतं. कुणी टेबल सोडून गेलं, कुणी प्रस्ताव त्रुटी काढून परत केला, कुणी म्हणालं पुढच्या तिमाहीत बघू. कुणीही 'या लोकांना घ्यायचं नाही' असं कुठल्याही टिपणीवर लिहिलेलं नव्हतं. एक कागद हलला नव्हता, एवढंच. अनुशेष असा तयार होतो. त्या मागणीपत्राची वाट बघत कुठल्यातरी तालुक्याच्या गावी एखादा मुलगा वयाची अट ओलांडून गेला असेल, आणि त्याला आमच्या वहीतल्या त्या लाल ओळीचा पत्ताही नसेल.

मी कोल्हापुरात वाढले. 26 जूनला शाळेतून शाहू जयंतीची फेरी निघायची, घोषणा देऊन घसा बसायचा, आणि मुलांना राखीव जागांबद्दल जेवढं कळायचं तेवढं कळायचं. नोकरीत मुरल्यावर एकदा मी महाराजांचा 26 जुलै 1902चा तो हुकूम नीट वाचला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गाला, हे आपण सगळे जाणतो. माझी नजर अडली ती शेवटाकडे. हा हुकूम निघाल्यानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी पाठवावा, असं त्यात आहे. मी ते वाचून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आले. तिमाही विवरणपत्र! म्हणजे मी ज्याला कंटाळत होते, शनिवारी थांबून ज्याच्या बेरजा जुळवत होते, तेच. महाराज तेव्हा विलायतेत होते आणि तिथून परतायच्या आधीच त्यांना माहीत होतं, की नुसत्या हुकुमाने कचेरी हलत नाही. तिला मोजावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. त्या दिवसापासून माझ्या कामाबद्दलची माझी भावना बदलली, हे मी अगदी मनापासून सांगते.

पण महाराजांचीच दुसरी गोष्ट, गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलची. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या माणसाला महाराजांनी चहाचं दुकान काढायला लावलं आणि स्वतः तिथे चहा प्यायला जाऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. कोल्हापुरात ही गोष्ट माहीत नसलेलं माणूस विरळा. मला ती तक्त्याशेजारी ठेवून बघावीशी वाटते. तक्ता खात्याकडून मागवता येतो. चहाचा कप स्वतः उचलून ओठाला लावावा लागतो.

आमच्या कचेरीत तक्ते भरपूर होते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासाठीची अंतर्गत समिती, 2013च्या कायद्याने आलेली, तिचा वार्षिक अहवाल मी सहा वर्षं लिहिला. प्राप्त तक्रारी: निरंक. निकाली तक्रारी: निरंक. प्रलंबित: निरंक. निरंक हा शब्द लिहायला इतका सोपा आहे की हात आपोआप लिहितो. समितीच्या बैठकीला आम्ही पाच जणी-जण बसायचो, बिस्किटं यायची, इतिवृत्तावर सह्या व्हायच्या. त्याच काळात आमच्याकडची एक शिपाई बाई दुपारी तीननंतर एका ठरावीक दालनात पाणी न्यायचं टाळायची, दुसऱ्या कुणालातरी पाठवायची. मी ते बघितलं होतं. विचारलं एकदा, ती म्हणाली काही नाही मॅडम, पाय दुखतो. तिने लेखी दिलं नाही, आणि लेखी नसेल तर नमुन्यात रकाना नाही. त्या वर्षीही मी निरंकच लिहिलं. आज विचाराल तर मी तिच्याबरोबर त्या दालनात पाणी घेऊन गेले असते, रोज गेले असते.

दिव्यांगांच्या बाबतीत असंच. 2016च्या कायद्याने 3 टक्क्यांच्या 4 टक्के जागा झाल्या, प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावं असंही आलं. आम्ही शेजारच्या कार्यालयाचं धोरण मागवलं, कार्यालयाचं नाव बदललं, साहेबांची सही घेतली आणि फलकावर लावलं. दगडी इमारतीच्या पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतारही झाला. त्यानंतर आमच्याकडे एक अंध लिपिक आला. तरुण, बोलका, कानाला हेडफोन लावून संगणकावर माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने काम करणारा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो वापरायचा. एनव्हीडीए, फुकट मिळतं. पहिल्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मला नुसते फोन घ्यायला बसवू नका, टपाल द्या. पण तुमच्या फायली मला वाचता येत नाहीत." मला कळेना. फायली तर संगणकावर होत्या. त्याने एक हेडफोन माझ्या कानात दिला. जुन्या फॉन्टमधलं आमचं एक परिपत्रक लावलं. त्यातून अर्थहीन इंग्रजी अक्षरांची बरसात झाली, नुसते तुकडे, हिसके, खडखडाट. आम्ही वर्षानुवर्षं जे मराठी म्हणून टंकलं होतं ते यंत्राच्या लेखी मराठी नव्हतंच. वरून मराठी दिसणारी आत भलतीच अक्षरं. मग त्याने युनिकोडमधला एक शासन निर्णय लावला आणि कानात स्वच्छ, थोडा एकसुरी आवाज बोलू लागला: "महाराष्ट्र शासन…"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. त्याला दिसलं नाही, पण बहुतेक कळलं असावं, कारण तो गप्प झाला. उतारावर आम्ही सिमेंट ओतलं होतं आणि त्याच्या वाटेतली पायरी फॉन्टमध्ये होती. पुढचे चार महिने आम्ही दोघांनी मिळून शाखेतले नमुने युनिकोडमध्ये करून घेतले. सगळे झाले नाहीत. आणि सही-शिक्क्याची प्रत मोबाइलने फोटो काढून ग्रुपवर टाकायची सवय तर कुणाचीच गेली नाही. फोटो त्याला वाचता येत नव्हता. तो दर वेळी तेवढ्याच नम्रपणे लिहायचा, "कृपया मजकूरही पाठवावा." एके दिवशी त्याने लिहिणं सोडलं. ते माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले.

आता पुन्हा त्या वहीकडे येते. त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी सगळ्या रोस्टर वह्या कपाटात कुलपात ठेवायला लागले. आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं वाटायचं. महिन्याभराने मागासवर्गीय कर्मचारी संघटनेचे एक जुने कार्यकर्ते आले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्यांना बिंदुनामावली बघायची होती, पदोन्नतीच्या जागांबद्दल शंका होती. मी म्हटलं, दादा, त्यात लोकांच्या जाती असतात, अशी सगळ्यांना दाखवता येत नाही. ते समोरच्या खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ताई, वही उघडी असते तेव्हा आमचा अपमान होतो, हे खरं. पण वही मिटलेली असते तेव्हा आमच्या जागा जातात. अपमान आम्ही गिळलाय. जागा गेलेली परत येत नाही."

या वाक्यावर माझ्याजवळ काही उत्तर नव्हतं, कारण लाल शाईच्या ओळी मी स्वतः मोजलेल्या होत्या. मिटलेल्या वह्यांतच त्या वाढल्या होत्या.

एकीने मला मिटायला सांगितलं होतं, एकाने उघडायला, आणि दोघंही बरोबर होते. बरेच दिवस मी नुसतीच अस्वस्थ होते. मग एका दुपारी जुन्या नस्तीचा तपकिरी पुठ्ठा घेतला, पट्टीने माप घेतलं आणि नाव, जात हे दोन रकाने बरोबर झाकले जातील अशी उभी पट्टी कापली. पुठ्ठा पानावर ठेवला की बिंदू दिसतो, त्याचा प्रवर्ग दिसतो, भरलाय की रिकामा ते दिसतं, कधीपासून रिकामा ते दिसतं. माणूस दिसत नाही. दादांना बोलावून दाखवलं. त्यांनी एकेक पान बोटाने तपासलं, दीड तास, आणि दोन चुका काढल्या. दोन्ही आमच्या होत्या. दुरुस्त केल्या.

पुढे आणखी वह्या आखल्या. 2017मध्ये उच्च न्यायालयाने पदोन्नतीतल्या आरक्षणाचा राज्याचा निर्णय रद्द ठरवल्यावर त्या याद्या थबकल्या, 2021मध्ये ज्येष्ठतेने बढत्या देण्याचा शासन निर्णय आला तेव्हा दादा निवृत्त झालेले होते, आहे त्याच पदावर. 2019मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचे बिंदू आले, मराठा आरक्षणाचे बिंदू 2018मध्ये आखले, 2021च्या निकालाने पुसले, 2024मध्ये पुन्हा आखले. प्रत्येक वेळी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले, आणि प्रत्येक वेळी त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे कुणाची तरी मुलं उभी आहेत हे मनातून गेलं नाही.

एक गोष्ट मात्र पुठ्ठ्याने झाकताही येत नाही आणि उघडताही येत नाही. मी लागले तेव्हा आमच्याकडचे शिपाई, चौकीदार, सफाईवाले सगळे वहीत होते. आता झाडू मारायला येणाऱ्या दोघी ठेकेदाराकडून येतात, चालक ठेकेदाराकडून येतो, डेटा एंट्रीची मुलं ठेकेदाराकडून. दर अकरा महिन्यांनी चेहरे बदलतात. त्यांची जात कुठेच लिहावी लागत नाही, कारण त्यांच्यासाठी वहीच नाही. बाहेरच्या यंत्रणेकडून भरतीचा मोठा शासन निर्णय 2023च्या सप्टेंबरमध्ये निघाला आणि ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात मागे घेतला गेला, पण आमच्या व्हरांड्यात रोज सकाळी येणारी माणसं त्याच्या आधीपासूनच तशी येत होती आणि नंतरही तशीच येत राहिली. झाडू मारणाऱ्या त्या दोघींना मी एकदा आडनावं विचारली. विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली. त्यांनी सांगितली, आणि ती माझ्या जुन्या वहीतल्या सफाई कामगारांच्या पानावरचीच आडनावं होती.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. कार्यभार देताना यादी करावी लागते: कपाटं दोन, किल्ल्या चार, शिक्के तीन, बिंदुनामावली नोंदवह्या सहा. नव्या मॅडमनी वही उघडली, पुठ्ठ्याची पट्टी खाली पडली. त्यांनी ती कचऱ्याच्या टोपलीकडे नेली. मी म्हटलं, थांबा. आणि त्यांना बसवून सगळं सांगितलं, त्या मुलीपासून दादांपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि यादीत सातवी ओळ स्वतःच लिहिली: 'पुठ्ठा, एक.'

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी ती मुलगी भेटली. आता मुलगी कसली, दुसऱ्या कार्यालयात सहायक पदावर आहे, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा होता. एसटी स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी. तिने वाकून नमस्कार केला, मुलाला करायला लावला, 'या मॅडमनी मला रुजू करून घेतलं' म्हणाली. आईची चौकशी केली. त्या दिवशी तिच्या आईने सगळ्या शाखेला पेढे दिले होते, त्या शिक्केवाल्या सद्गृहस्थांनाही, आणि त्यांनी ते घेतले होते, हे मला आठवत होतं. रसाचा ग्लास हातात धरून मी इतक्या वर्षांचं मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी ते जे बोलले, तेव्हा मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. ते मला आजही टोचतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. आठवायचा प्रयत्न करत होती, मनापासून करत होती.

मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही कुठल्या दिवसाचं म्हणताय?"